रॅम स्टिकवरची खाच : एका तहाचा इतिहास

#थ्रेड

१/
नवा संगणक स्वतः असेंबल करणारा प्रत्येक जण एका प्रश्नापाशी थबकतो: या मदरबोर्डला कोणती रॅम चालेल? लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार एका दमात सांगतो, “डीडीआर५, ६०००, सीएल३०, १६ जीबीच्या दोन घ्या.” आपण मान डोलावतो. पण या एका वाक्यातील प्रत्येक आकड्यामागे इतिहास आहे. त्यात तह आहेत, तहभंगाचे आरोप आहेत आणि दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कोर्टकचेऱ्या आहेत. आजचा थ्रेड त्या इतिहासाचा.

२/
रॅम स्टिकच्या खालच्या कडेला, सोनेरी पिनांच्या रांगेत, एक बारीक खाच असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पिढ्यांच्या डेस्कटॉप स्टिकना २८८ पिनाच असतात; तरीही एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, कारण खाचेची जागा वेगळी आहे. ही खाच म्हणजे परस्परांच्या स्पर्धक कंपन्यांनी एका मेजाभोवती बसून मान्य केलेले कलम आहे. तह मित्रांत होत नाहीत, प्रतिस्पर्ध्यांत होतात. मेमरीच्या क्षेत्रात तो पाळला गेला तेव्हा ग्राहकाचे कल्याण झाले. त्याला बगल दिली गेली तेव्हा भुर्दंड ग्राहकाने भरला.

३/
आरंभ १९६६ सालचा. आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना सुचले की एक बिट साठवण्यास एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर पुरेसा आहे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. हा भार सतत गळत असतो, म्हणून तो सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावा लागतो. त्यावरूनच ‘डायनॅमिक रॅम’, अर्थात डीरॅम, हे नाव पडले. पेटंट १९६८ साली मिळाले. १९७० साली इंटेलने १ किलोबिटची ११०३ ही चिप आणली. तिच्यात प्रत्येक बिटाला अजून तीन ट्रान्झिस्टर लागत. तरीही चुंबकीय कड्यांच्या जुन्या मेमरीचे दिवस तिने भरवले.

४/
यानंतर पहिला वाद उभा राहिला तो पिनांचा. ४ किलोबिटच्या चिपमधील ४०९६ घरांपैकी नेमके एक घर सांगण्यास १२ बिटांचा पत्ता लागतो. त्यासाठी प्रतिस्पर्धी कंपन्यांनी २२ पिनांची चिप काढली. १९७३ साली मॉस्टेक या अमेरिकी कंपनीने निराळी वाट धरली: पत्ता दोन हप्त्यांत पाठवायचा, आधी ओळ, मग स्तंभ, त्याच सहा पिनांवरून. चिप १६ पिनांत मावली आणि बोर्डावरची जागा वाचली. पुढे साऱ्या उद्योगाने हीच पद्धत उचलली. आजच्या खोक्यावरील ‘सीएल३०’ याच व्यवस्थेचा वारस आहे: स्तंभाचा पत्ता दिल्यानंतर माहिती हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, हे तो आकडा सांगतो.

५/
चिप कोणाचीही असो, पिना त्याच असाव्यात, ही ग्राहक कंपन्यांची मागणी होती. एकाच पुरवठादाराच्या दावणीला बांधून घेण्यास संगणक बनवणारे तयार नव्हते. हे काम ज्या मंचाने केले त्याचे नाव जेडेक. त्याची मुळे १९४४ सालापर्यंत जातात; हे नाव १९५८ सालचे. मेमरीसाठी तेथे ‘जेसी-४२’ ही समिती आहे. तिच्या बैठकीत चिप विकणारे आणि विकत घेणारे दोघेही बसतात, प्रस्ताव मांडतात आणि मतदान करतात. तिचा इतिवृत्तांत नीरस असेल; पण आपल्या टेबलावरील प्रत्येक रॅमची घटना तेथे लिहिली गेली आहे.

६/
१९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये रॅमची ‘स्टिक’ नव्हतीच. चिप थेट मदरबोर्डवर बसत. आठ चिप माहितीच्या आणि नववी चूक ओळखणाऱ्या पॅरिटी बिटाची, अशा नऊ-नऊच्या चार रांगा. ३६ चिप मिळून ६४ केबी. मेमरी वाढवायची तर नऊ चिप एकेक करून सॉकेटमध्ये बसवाव्या लागत, आणि एखादी पिन वाकली की काम बिघडे. शिवाय तापून-थंड होऊन चिप सॉकेटमधून हळूहळू वर सरकत. संगणक रुसला की झाकण उघडून साऱ्या चिप अंगठ्याने दाबायच्या, हा दुरुस्तीवाल्यांचा ठरलेला उपाय होता.

७/
या कटकटीवर १९८३ साली वँग लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीतील जेम्स क्लेटन यांनी तोडगा काढला. नऊ चिप एका लहान पट्टीवर आधीच जोडायच्या आणि ती पट्टी उभी खोचायची. हीच ‘सिम’. (मोबाइलमधील सिमशी तिचे नाते नाही.) जागा वाचली, बसवणे सोपे झाले. आता मेमरी ही ग्राहकाने दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेण्याची वस्तू झाली. ‘कोणती रॅम चालेल?’ हा प्रश्न सामान्य माणसाच्या वाट्याला येऊ लागला तो तेव्हापासून.

८/
उत्तर सोपे नव्हते. ३० पिनांची सिम एका वेळी ८ बिट देई. ४८६ प्रोसेसरला एका वेळी ३२ बिट हवेत, म्हणून एकसारख्या चार सिम एकत्र बसवणे सक्तीचे. पुढे ७२ पिनांची, ३२ बिटांची सिम आली. पण पेंटियमचा मार्ग ६४ बिटांचा, म्हणून पुन्हा जोडी लागे. एकच सिम घरी आणली तर संगणक सुरूच होत नसे. शेवटी ६४ बिट एकटीने देणारी, १६८ पिनांची ‘डिम’ आली आणि हे गणित तेवढ्यापुरते संपले. आजची प्रत्येक डेस्कटॉप स्टिक डिमच्याच कुळातली आहे.

९/
सिमच्या कथेला मात्र एक काळी किनार आहे. वँगने सिमचा प्रस्ताव जेडेकपुढे मांडला आणि ती मानक व्हावी म्हणून खटपट केली. पण आपण तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला आहे, हे समितीला सांगितले नाही. १९८७ साली पेटंट हाती येताच पुढे दावे सुरू झाले. मित्सुबिशीविरुद्धच्या दाव्यात १९९७ साली अमेरिकी अपील न्यायालयाने मित्सुबिशीची बाजू मान्य केली: वँगनेच आपल्या वर्तनाने दुसऱ्यांना सिम बनवण्यास प्रवृत्त केले होते, म्हणून मित्सुबिशीला त्याचा गर्भित परवाना मिळालेला होता. हे प्रकरण लक्षात ठेवा. त्याची मोठी आवृत्ती पुढे येते आहे.

१०/
१९९३ साली जेडेकने एसडीरॅमचे मानक मंजूर केले. त्याआधीची मेमरी आपल्या गतीने उत्तर देई आणि प्रोसेसरला वाट पाहावी लागे. एसडीरॅम मात्र मदरबोर्डवरील घड्याळाच्या ठोक्याशी बांधलेली होती. उत्तर कितव्या ठोक्याला येईल हे आधीच ठरलेले असल्याने एकामागून एक आज्ञा देऊन ठेवता येऊ लागल्या.

११/
१९९८ साली इंटेलने ४४०बीएक्स या चिपसेटबरोबर ‘पीसी१००’ ही संहिता रुजवली. १०० मेगाहर्ट्झला केवळ चिप वेगवान असून भागत नव्हते. पट्टीवरील तारांची लांबीही मोजून आखावी लागत होती. तिने आणखी एक गोष्ट सक्तीची केली: ‘एसपीडी’. स्टिकवर एक इवलीशी वेगळी चिप असते. तिच्यात त्या स्टिकची क्षमता, वेग आणि विलंबाचे आकडे लिहिलेले असतात. संगणक सुरू होताना बायोस प्रथम ही चिप वाचतो. म्हणजे प्रत्येक स्टिक आपले ओळखपत्र गळ्यात घालूनच येते. हीच चिप आजच्या एक्सएमपीचे घर आहे. त्याकडे शेवटी येऊ.

१२/
आता तहाला बगल देणाऱ्यांकडे वळू. १९९० साली माइक फार्मवाल्ड आणि मार्क होरोविट्झ यांनी कॅलिफोर्नियात रॅम्बस ही कंपनी काढली. ती चिप बनवत नसे. कल्पना बनवी आणि त्यांचे परवाने विकी. तिची मेमरी अरुंद पण अतिवेगवान मार्गावर चाले. निन्टेंडो ६४ या खेळयंत्रात ती वापरलीही गेली. रॅम्बस १९९२ साली जेडेकची सभासद झाली आणि १९९६ साली बाहेर पडली. ही चार वर्षे पुढे अनेक न्यायालयांत चर्चिली जाणार होती.

१३/
१९९६ साली इंटेलने रॅम्बसशी करार केला. प्रोसेसर झपाट्याने वेगवान होत होते आणि मेमरी मागे पडत होती, त्यामुळे इंटेलची चिंता खरी होती. पण करारात एक मोहही होता: ठरावीक प्रमाणात रॅम्बसला अनुकूल चिपसेट विकल्यास इंटेलला रॅम्बसचे १० लाख शेअर ठरलेल्या दराने मिळणार होते. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. आजवर मानक सगळे मिळून ठरवत. आता ते एका कंपनीच्या मालकीचे होणार आणि प्रत्येक चिपमागे तिला स्वामित्वशुल्क द्यावे लागणार होते.

१४/
परीक्षेची घडी १९९९ च्या सप्टेंबरात आली. इंटेलचा ८२० चिपसेट बाजारात येण्यास काही दिवस उरले असताना आढळले की तीन स्लॉटच्या मदरबोर्डवर मेमरीत चुका होतात. अनावरण पुढे ढकलले गेले. तीन स्लॉट आखून तयार झालेले बोर्ड मदरबोर्ड कंपन्यांच्या हाती पडून राहिले. नोव्हेंबरात चिपसेट आला तो दोनच स्लॉटची मर्यादा घेऊन. त्यातच रॅम्बसची मेमरी साध्या एसडीरॅमच्या कित्येक पट महाग होती.

१५/
महागाईवर तोड म्हणून इंटेलने ८२० बोर्डावर एक ‘दुभाषी’ बसवला: मेमरी ट्रान्सलेटर हब. त्याच्यामुळे रॅम्बसच्या चिपसेटला स्वस्त एसडीरॅम जोडता येई. मे २००० मध्ये इंटेलला जाहीर करावे लागले की या दुभाष्यात दोष आहे. विद्युत गोंगाटामुळे संगणक अचानक अडकू शकतो वा पुन्हा सुरू होऊ शकतो. बोर्ड बदलून देण्याची पाळी आली. दोन मेमरी-पद्धतींची जबरदस्तीने घातलेली सांगड किती महागात पडते, याचे हे ठळक उदाहरण.

१६/
नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला आणि आरंभी त्याला रॅम्बसशिवाय पर्यायच नव्हता. तिच्या स्टिकला ‘रिम’ म्हणत. त्या जोडीनेच बसवाव्या लागत. शिवाय विद्युतसंकेत एका रिममधून पुढच्या रिममध्ये जाई, म्हणून एकही स्लॉट रिकामा ठेवून चालत नसे. रिकाम्या जागी एकही मेमरी चिप नसलेली पोकळ पट्टी खोचावी लागे, केवळ साखळी तुटू नये म्हणून. नव्या तंत्रज्ञानासाठी जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला स्लॉट भरण्यासाठी निर्जीव पट्ट्याही सांभाळाव्या लागल्या.

१७/
इकडे जेडेक स्वस्थ बसली नव्हती. जून २००० मध्ये डीडीआरचे मानक प्रसिद्ध झाले. घड्याळाचा ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी दोनदा माहिती पाठवायची. बाकी घडण एसडीरॅमचीच. नावाच्या लढाईतही डीडीआर गट मागे राहिला नाही. रॅम्बसची मेमरी ‘पीसी८००’ म्हणून विकली जाई, म्हणून यांनी वेगाऐवजी बँडविड्थ छापली: पीसी१६००, पीसी२१००. आजही डीडीआर४-३२०० च्या लेबलवर ‘पीसी४-२५६००’ दिसते ते त्या जाहिरातयुद्धामुळे. वेगाला आठने गुणा, की हा आकडा मिळतो.

१८/
एएमडीने २००० च्या अखेरीस डीडीआर स्वीकारली. इंटेलनेही पेंटियम ४ साठी २००१ मध्ये एसडीरॅम आणि लगोलग डीडीआर चालणारा ८४५ चिपसेट दिला. बाजारातील लढाई रॅम्बस हरली. पण तिच्या हाती दुसरे शस्त्र होते. १९९० सालच्या मूळ अर्जातून पुढे काढलेल्या पेटंटांच्या बळावर तिने दावा केला की एसडीरॅम आणि डीडीआर यांतही आमच्याच कल्पना आहेत, तेव्हा शुल्क द्या. काही कंपन्यांनी ते दिले. इन्फिनिऑन, मायक्रॉन व हायनिक्स लढल्या. त्यांचे म्हणणे होते: रॅम्बस समितीत बसून मानक घडताना पाहत होती आणि आपले अर्ज लपवत होती.

१९/
निकालांची मालिका पाहा. २००१ साली व्हर्जिनियातील ज्युरीने रॅम्बसला फसवणुकीबद्दल दोषी धरले. २००३ साली अपील न्यायालयाने ते फिरवले. समितीचे पेटंट उघड करण्याचे नियमच संदिग्ध होते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. २००६ साली अमेरिकी व्यापार आयोगाने पुन्हा रॅम्बसला दोषी ठरवले, २००८ साली तेही न्यायालयात टिकले नाही. दुसरीकडे, संभाव्य दाव्यांची चाहूल असताना रॅम्बसने कागदपत्रे नष्ट केली, असा निष्कर्ष मायक्रॉनच्या खटल्यात निघाला. दोष-निर्दोषाचा स्वच्छ निवाडा या प्रकरणात शोधू नये. तहाची कलमे मोघम असली की काय होते, एवढा धडा मात्र स्वच्छ आहे. जेडेकने पुढे आपले पेटंटविषयक नियम कडक केले.

२०/
आणि दुसरी बाजू? तीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. १९९९ ते २००२ या काळात डीरॅमचे दर संगनमताने ठरवल्याची कबुली मेमरी कंपन्यांनी अमेरिकेत दिली. इन्फिनिऑनला १६ कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी, सॅमसंगला ३० कोटी डॉलरचा दंड झाला. तपासात सहकार्य करणारी मायक्रॉन दंडातून सुटली. एका मेजाभोवती बसून मानक ठरवणे ग्राहकाच्या हिताचे. तशाच जवळिकीतून भाव ठरवणे मात्र गुन्हा. हा फरक इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

२१/
यानंतरचा काळ पिढ्यांचा. डीडीआर२ (२००३), डीडीआर३ (२००७), डीडीआर४ (२०१२), डीडीआर५ (२०२०). व्होल्टेज २.५ वरून १.८, १.५, १.२ आणि १.१ असे उतरत गेले. डीडीआर२ व डीडीआर३ दोन्ही २४० पिनांच्या, पण खाच हलवलेली. कारण उघड आहे: १.५ व्होल्टची चिप चुकून १.८ व्होल्टच्या बोर्डात जाऊ नये. खाच म्हणजे ग्राहकाच्या हातून होणारी चूक आधीच ओळखून घातलेली अटकाव-भिंत. म्हणून स्टिक बसत नसेल तर जोर लावू नये. नाव पुन्हा वाचावे.

२२/
आता एक गंमत. विलंब नॅनोसेकंदांत काढण्याचे सूत्र असे: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. डीडीआर-४००, सीएल२: १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२००, सीएल१६: १०. डीडीआर५-६०००, सीएल३०: पुन्हा १०. तीन पिढ्यांच्या निवडक स्टिक, आणि पहिला शब्द हाती येण्याचा विलंब तोच. वाढली ती बँडविड्थ: एका स्टिकमागे सेकंदाला ३.२ जीबीवरून ४८ जीबी. म्हणून ‘६४०० सीएल४०’ हे ‘६००० सीएल३०’ पेक्षा मोठे दिसले तरी तेथे विलंब १२.५ नॅनोसेकंद आहे. केवळ मोठा आकडा पाहून भुलू नये.

२३/
खोक्यावर छापलेला वेग सहसा तहातला नसतो, हे अनेकांना ठाऊक नसते. डीडीआर४ साठी जेडेकची मर्यादा ३२००. ‘३६००’ ची स्टिक त्या पलीकडची. २००७ साली डीडीआर३ बरोबर इंटेलने एक्सएमपी आणले: एसपीडी चिपमधील मोकळ्या जागेत निर्माता आपला जादा वेग आणि जादा व्होल्टेज लिहून ठेवतो. एएमडीचे एक्स्पो २०२२ सालचे. स्टिक प्रथम जेडेकच्या सावध वेगानेच सुरू होते. छापील वेग हवा तर बायोसमध्ये ती नोंद निवडावी लागते. जेडेकचा वेग हा तह आहे. एक्सएमपी हे निर्मात्याचे खासगी आश्वासन आहे. ते पाळले जाईल की नाही, हे प्रोसेसर आणि मदरबोर्डवरही अवलंबून असते.

२४/
या इतिहासातून खरेदीचे चार नियम निघतात.
• पिढी: प्रोसेसर डीडीआर४ व डीडीआर५ दोन्ही चालवू शकत असेल, तरी मदरबोर्डवर जो स्लॉट आहे तोच अंतिम.
• प्रकार: सर्व्हरची ‘रजिस्टर्ड’ डीडीआर४ स्टिक डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते, पण सामान्य डेस्कटॉप बोर्ड तिच्यावर सुरू होत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नये.
• संख्या: दोन स्टिक, एकाच खोक्यातल्या. एकच मॉडेल क्रमांक असला तरी आतील चिप वेगळ्या असू शकतात. एका खोक्यातील जोडी एकत्र तपासलेली असते.
• यादी: मदरबोर्ड कंपनी तपासलेल्या स्टिकची यादी संकेतस्थळावर देते. ती आधी पाहावी, पैसे नंतर द्यावेत.

२५/
चार स्लॉट आहेत म्हणून चारही भरावेत असे नाही. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२००, तर चार स्टिकना ३६०० आहे. एकाच मार्गावर भार वाढला की संकेत गढूळ होतो. १९९९ साली तिसऱ्या स्लॉटने ८२० ला नडवले त्यामागेही मार्गावरील संकेतांच्या शुद्धतेचाच प्रश्न होता. ६४ जीबी हवे असेल तर १६ च्या चार घेण्यापेक्षा ३२ च्या दोन बऱ्या, त्या यामुळे.

२६/
आज डीरॅमचा बहुतांश जागतिक बाजार सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती आहे. मॉस्टेक गेली, इन्फिनिऑनमधून निघालेली किमोंडा २००९ साली बुडाली, जपानची एल्पिडा २०१२ साली दिवाळखोरीत गेली आणि मायक्रॉनने विकत घेतली. इतके सरदार पडले, पण तह टिकला. म्हणूनच कोरियात घडलेली चिप, तैवानी बोर्डावर, अमेरिकी प्रोसेसरशेजारी, पहिल्याच फटक्यात सुरू होते. पुढच्या वेळी स्टिक बसवताना ती खाच जरा निरखून पाहा.

तुमच्या घरातल्या पहिल्या संगणकात कोणती रॅम होती आणि किती एमबीची? खाली जरूर लिहा.

(थ्रेड समाप्त)